मत्स्य-शरीरक्रियाशास्त्र: प्रवेशाची पात्रता, प्रात्यक्षिके आणि गुणांकन

मासा पाण्यात श्वास कसा घेतो, खाऱ्या पाण्यात राहून त्याचे शरीर खारट का होत नाही, त्याच्या अंड्यांची वाढ कोणत्या ग्रंथीच्या इशाऱ्यावर होते, उष्मा वाढला की त्याची भूक का बदलते, या प्रश्नांची शास्त्रीय उत्तरे देणारी विद्याशाखा म्हणजे मत्स्य-शरीरक्रियाशास्त्र. मत्स्यविज्ञानाच्या चार वर्षांच्या पदवीत, म्हणजे बी.एफ.एससी.मध्ये, हा विषय सक्तीचा असतो. प्राणिशास्त्राच्या पदवीत तो तुलनात्मक शरीरक्रियाशास्त्राचा किंवा ऐच्छिक अभ्यासक्रमाचा भाग म्हणून येतो. नाव एकच असले तरी दोन्ही ठिकाणी त्याची प्रवेशपात्रता, खोली आणि गुण देण्याची रीत निराळी आहे. गोव्यासारख्या किनारी राज्यात बारावीनंतर मासळीशी निगडित शिक्षणाचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी हा फरक प्रवेशापूर्वीच समजून घेतला पाहिजे. पुढील मार्ग खुला राहतो की अडतो, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

प्रवेशाची पात्रता

बी.एफ.एससी.साठी बारावी विज्ञान शाखा उत्तीर्ण असणे आवश्यक असते आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घेतलेले असावे लागतात. केवळ जीवशास्त्राची आवड असून भागत नाही. कल्ल्यांतून प्राणवायू रक्तात कसा शिरतो हे समजण्यास वायूंचा आंशिक दाब माहीत असावा लागतो. अमोनियाचा विषारीपणा समजण्यास सामू, म्हणजे पीएच, म्हणजे काय हे ठाऊक असावे लागते. या विषयात मागे पडणाऱ्यांपैकी अनेकांचे घोडे प्राणिशास्त्रात नव्हे, तर बारावीच्या रसायनशास्त्रात अडलेले असते.

गोव्याच्या दोन्ही अंगांना जुनी मत्स्य महाविद्यालये आहेत. दक्षिणेस मंगळुरूचे महाविद्यालय १९६९ मध्ये स्थापन झाले. ते देशातील पहिले मत्स्य महाविद्यालय होय. आज ते बिदर येथील पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. उत्तरेस रत्नागिरीजवळच्या शिरगावचे महाविद्यालय दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाशी जोडलेले आहे. महाराष्ट्रात नागपूर व उदगीर येथेही मत्स्यविज्ञान महाविद्यालये आहेत. राज्यांच्या वाट्याच्या जागांसाठी त्या त्या राज्याची प्रवेश परीक्षा आणि रहिवासाच्या अटी असतात. परराज्यातील विद्यार्थ्याला म्हणूनच भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखिल भारतीय कोट्यातील जागांचा मार्ग महत्त्वाचा ठरतो. या जागांसाठी केंद्रीय सामाईक प्रवेश परीक्षेचे, म्हणजे सीयूईटीचे गुण धरले जातात. त्या परीक्षेचा अर्ज बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच भरावा लागतो. निकालानंतर चौकशी सुरू करणाऱ्याचे एक वर्ष तेथेच वाया जाते.

प्राणिशास्त्र घेऊन बी.एससी. करण्याचा मार्ग घराजवळचा आणि तुलनेने कमी खर्चाचा आहे. मात्र मत्स्यविज्ञानातील पदव्युत्तर पदवीसाठी, म्हणजे एम.एफ.एससी.साठी, सर्वसाधारणपणे चार वर्षांची मत्स्यविज्ञान पदवी मागितली जाते. मुंबईत वर्सोव्याला असलेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत मत्स्य-शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र या शाखेत पदव्युत्तर शिक्षण मिळते. ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुढे तेथपर्यंत जाण्याचा मनोदय असेल, तर पदवी निवडतानाच पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता वाचून ठेवावी.

अभ्यासक्रमात काय शिकवतात?

कृषी संशोधन परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने देशभरातील मत्स्य महाविद्यालयांसाठी जो आराखडा दिला, त्यात हा विषय ‘फिनफिश व शेलफिश यांचे शरीरक्रियाशास्त्र’ या नावाने आहे. फिनफिश म्हणजे पर असलेले मासे आणि शेलफिश म्हणजे कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, कालवे यांसारखे कवचधारी जलचर. विषयाचे वजन तीन श्रेयांक आहे. ते ‘२+१’ असे लिहितात: दोन श्रेयांक लेखी भागाचे, एक प्रात्यक्षिकाचा. लेखी भागाचा एक श्रेयांक म्हणजे आठवड्याला एक तासाचे व्याख्यान. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे साधारणतः दोन तासांचे प्रयोगशाळेतील काम.

आरंभ पाण्यापासून होतो. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो, तर तेवढ्याच पाण्यात तो सुमारे ५ ते ८ मिलिलिटर इतकाच विरघळलेला असतो. पाणी तापले की तो आणखी घटतो: २० अंश सेल्सियस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात मिलिग्रॅम. नेमक्या त्याच वेळी माशाच्या शरीरातील क्रियांचा वेग वाढून त्याची प्राणवायूची गरजही वाढते. एवढ्या तुटपुंज्या साठ्यावर मासा जगतो तो कल्ल्यांच्या रचनेमुळे. कल्ल्यांवरून पाणी एका दिशेने वाहते आणि पातळ पटलांतले रक्त त्याच्या उलट दिशेने. त्यामुळे संपूर्ण मार्गभर पाण्यातील प्राणवायू रक्तातल्यापेक्षा अधिक राहतो आणि तो रक्तात शिरतच राहतो. मरळ, मागूर व सिंगी यांसारखे मासे याखेरीज हवेतूनही श्वास घेतात.

दुसरा मोठा भाग शरीरातील पाणी व क्षार यांच्या समतोलाचा. त्याला परासरण-नियमन, म्हणजेच ऑस्मोरेग्युलेशन म्हणतात. समुद्रातील बहुतेक अस्थिमय माशांच्या रक्तातील क्षारांची एकूण तीव्रता समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एक तृतीयांश असते. त्यामुळे त्यांच्या शरीरातून पाणी सतत बाहेर झिरपते. हे मासे समुद्राचे पाणी पितात आणि जादा मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशींतून बाहेर टाकतात. पाणी पिण्याची ही बाब होमर स्मिथ यांनी १९३० मध्ये आणि मीठ टाकणाऱ्या पेशींची बाब कीज व विल्मर यांनी १९३२ मध्ये मांडली. गोड्या पाण्यातल्या माशाची अडचण अगदी उलट. त्याच्या शरीरात पाणी शिरत राहते, म्हणून तो भरपूर व पातळ मूत्र टाकतो आणि कल्ल्यांतून क्षार आत ओढून घेतो. मांडवी-जुवारीच्या मुखांशी आणि खाजन जमिनींच्या मानशींपाशी पावसाळ्यात पाण्याचा खारेपणा झपाट्याने उतरतो. तेथे टिकणारी काळुंदर व चणक ही मासळी दोन्ही व्यवस्था गरजेप्रमाणे चालवू शकते. गोव्याच्या विद्यार्थ्याला हा धडा शिकण्यासाठी परदेशी उदाहरणाची गरज नाही.

अंतःस्रावी ग्रंथी व प्रजनन हा तिसरा भाग. रोहू, कटला व मृगळ या माशांच्या अंडाशयाची वाढ तळ्यात होते, परंतु नदीच्या पुराचे संकेत न मिळाल्याने साचलेल्या पाण्यात ते अंडी सोडत नाहीत. डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे ही अडचण दूर करून दाखवली. त्या घटनेच्या स्मरणार्थ दरवर्षी १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. देशातील गोड्या पाण्याच्या मत्स्यशेतीला लागणारे बीज आज मुख्यतः अशा प्रेरित प्रजननातून मिळते. कोळंबीच्या बाबतीत अंडाशयाच्या वाढीला आवर घालणारे संप्रेरक डोळ्यांच्या देठात तयार होते. त्याचा अभ्यास याच भागात येतो.

यांशिवाय रक्ताभिसरण, उत्सर्जन, स्नायू, ज्ञानेंद्रिये, अन्नातील ऊर्जेचा विनियोग आणि ताणामुळे शरीरात होणारे बदल हे घटक अभ्यासक्रमात आहेत. पुढील सत्रांत येणारे मत्स्यपोषण, बीजोत्पादन व मत्स्यरोग हे विषय याच पायावर उभे असतात.

प्रात्यक्षिकांत काय तपासतात?

प्रात्यक्षिकांमध्ये माशाचा प्राणवायू-वापर, अमोनियाचे उत्सर्जन व कर्बवायूचे प्रमाण मोजणे, त्यांवर तापमान व खारेपणाचा परिणाम पाहणे, रक्तातील हिमोग्लोबिन व रक्तपेशींचे घनप्रमाण काढणे आणि ऊतींचे काप तयार करणे यांचा समावेश होतो.

प्राणवायू-वापराचे प्रात्यक्षिक वानगीदाखल पाहता येईल. हवाबंद भांड्यात मासा ठेवून आरंभीचा व शेवटचा विद्राव्य प्राणवायू विंकलर पद्धतीने मोजतात. समजा, भांड्यात ५ लिटर पाणी आहे, मासा ८० ग्रॅमचा आहे आणि अर्ध्या तासात प्राणवायू लिटरमागे १.७ मिलिग्रॅमने घटला. त्याच वेळी मासा नसलेल्या दुसऱ्या भांड्यात तो ०.१ मिलिग्रॅमने घटला. ही दुसरी घट पाण्यातील सूक्ष्मजीवांमुळे झालेली असते, म्हणून ती वजा करायची. उरलेली १.६ मिलिग्रॅमची घट ५ लिटरांनी गुणल्यास ८ मिलिग्रॅम होतात. अर्ध्या तासाला ८, म्हणजे तासाला १६ मिलिग्रॅम. त्याला ८० ग्रॅमने भागले की उत्तर येते: दर ग्रॅम वजनामागे तासाला ०.२ मिलिग्रॅम, अर्थात किलोमागे २०० मिलिग्रॅम.

या उदाहरणात गणित पाचवीच्या मुलालाही जमेल असे आहे. गुण जातात ते अन्यत्र. माशाविना ठेवायचे तुलनेचे भांडे विसरणे, एकक न लिहिणे, तापमानाची नोंद न करणे आणि मासा भांड्यात सोडताच, तो बिथरलेला असताना मापन सुरू करणे या नेहमीच्या चुका होत. बिथरलेला मासा अधिक प्राणवायू वापरतो, त्यामुळे आलेला आकडा त्याच्या विश्रांतीच्या अवस्थेचा नसतो. रक्ताच्या प्रात्यक्षिकातही असाच एक सापळा आहे. माशाच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशींत ते नसते. त्यामुळे मानवी रक्तासाठी बनवलेल्या स्वयंचलित यंत्राचा आकडा माशाच्या रक्तासाठी जसाच्या तसा स्वीकारता येत नाही.

प्राणिशास्त्राच्या वर्गांत प्रात्यक्षिकांचे स्वरूप बदललेले आहे. प्राण्यांचे विच्छेदन व त्यांच्यावरील प्रयोग टप्प्याटप्प्याने थांबवण्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यामुळे तेथे प्रतिकृती, संगणकीय सादरीकरण आणि तयार काचपट्ट्या यांच्यावर भर असतो. जिवंत मासे हाताळण्याचा सराव हवा असेल, तर या फरकाचा विचार महाविद्यालय निवडताना करावा.

गुणांची विभागणी

पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यानुसार लेखी व प्रात्यक्षिक असे दोन्ही भाग असलेल्या विषयात १०० पैकी ५० गुण सत्रान्त लेखी परीक्षेला असतात आणि तिची प्रश्नपत्रिका बाह्य परीक्षक काढतात. उरलेले ५० गुण अंतर्गत असतात: मध्यसत्र परीक्षेला ३०, गृहकार्याला ५ आणि प्रात्यक्षिकाला १५. म्हणजे सत्रान्त परीक्षेच्या मंडपात पाऊल ठेवण्यापूर्वीच निम्मा निकाल लागलेला असतो. मध्यसत्र परीक्षा ही ‘चाचणी’ समजून सोडून देणाऱ्यांना हे गणित उशिरा उमगते.

उत्तीर्ण होण्यासाठी किमान ५० टक्के गुण लागतात. शाळेतील ३५ टक्क्यांची सवय असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. श्रेणीगुण काढण्याची रीत सोपी आहे: मिळालेल्या टक्क्यांना दहाने भागायचे. ६८ टक्के म्हणजे ६.८० श्रेणीगुण, ८०.७६ टक्के म्हणजे ८.०७६. येथे आकडा जवळच्या पूर्णांकापर्यंत वर ढकलला जात नाही. उपस्थितीचा नियमही तितकाच कडक आहे. बहुतेक ठिकाणी किमान ७५ टक्के उपस्थिती मागितली जाते. परिषदेच्या गुणांकन तक्त्यात दिलेले उदाहरण बोलके आहे: ७२.५० टक्के गुण मिळूनही उपस्थिती अपुरी असेल तर विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरतो आणि त्याच्या नावे केवळ एक श्रेणीगुण लागतो.

सत्राची सरासरी काढताना प्रत्येक विषयाचे श्रेणीगुण त्याच्या श्रेयांकांनी गुणतात, त्यांची बेरीज करतात आणि तिला एकूण श्रेयांकांनी भागतात. समजा, शरीरक्रियाशास्त्रात ३ श्रेयांकांना ६.८०, दुसऱ्या विषयात ४ श्रेयांकांना ७.५० आणि तिसऱ्या विषयात २ श्रेयांकांना ८.२० श्रेणीगुण आहेत. गुणाकार अनुक्रमे २०.४, ३० आणि १६.४, बेरीज ६६.८. तिला ९ ने भागल्यावर सरासरी ७.४२ येते. तिन्ही आकड्यांची साधी सरासरी ७.५० आली असती. जास्त श्रेयांकांच्या विषयातील गुण निकाल अधिक ओढतात, हे यावरून दिसते.

सर्व सत्रांची मिळून जी सरासरी निघते, तीवर पदवीचा वर्ग ठरतो. ५ ते ५.९९९ उत्तीर्ण, ६ ते ६.९९९ द्वितीय वर्ग, ७ ते ७.९९९ प्रथम वर्ग आणि ८ किंवा त्याहून अधिक असल्यास विशेष प्रावीण्यासह प्रथम वर्ग. या सरासरीला दहाने गुणले की टक्केवारी मिळते.

एकच आकडा, दोन अर्थ

सर्वसाधारण विद्यापीठांत विद्यापीठ अनुदान आयोगाची अक्षरश्रेणी वापरली जाते. तीत ‘ओ’ म्हणजे १०, ‘ए प्लस’ ९, ‘ए’ ८, ‘बी प्लस’ ७, ‘बी’ ६, ‘सी’ ५, ‘पी’ ४ आणि ‘एफ’ शून्य असे श्रेणीगुण असतात. कोणत्या टक्क्यांना कोणते अक्षर, हे विद्यापीठ आपापल्या नियमांनुसार ठरवते. एखाद्या विद्यापीठाने ६० ते ६९ टक्क्यांना ‘बी प्लस’ ठेवले असेल, तर ६१ व ६९ टक्के मिळवणाऱ्या दोघांनाही सारखेच ७ श्रेणीगुण मिळतात. कृषी विद्यापीठांच्या पद्धतीत तेच दोघे ६.१० आणि ६.९० वर राहतील. तेथे ७ म्हणजे नेमके ७० टक्के. येथे ७ म्हणजे एक पट्टा.

हा तपशील किरकोळ नाही. शिष्यवृत्ती, पदव्युत्तर प्रवेश किंवा नोकरी यांच्या अर्जात टक्केवारी विचारली जाते, तेव्हा अक्षरश्रेणीच्या सरासरीला सरळ दहाने गुणून लिहिणारे विद्यार्थी पडताळणीच्या वेळी अडचणीत येतात. अशा वेळी आपल्या विद्यापीठाचे अधिकृत रूपांतर-सूत्र वापरावे आणि शक्य असल्यास परीक्षा विभागाचे रूपांतर-प्रमाणपत्र जोडावे.

सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशी २०२४-२५ पासून लागू होऊ लागल्या आहेत. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय त्यांत आहे. विद्यार्थ्याला आपल्या प्रवेशवर्षाचे नियम लागू होतात. वरच्या वर्गातील मित्राची जुनी नियमपुस्तिका प्रमाण मानू नये. गुणविभागणी आणि उपस्थितीचा नियम आपल्याच तुकडीच्या पुस्तिकेत पाहावा.

अभ्यासाची दिशा

या विषयात व्याख्या पाठ करून उत्तीर्ण होता येते, चांगले गुण मिळवता येत नाहीत. परीक्षकाला शरीर आणि पाणी यांचा सांधा जोडलेला हवा असतो. मासे प्रामुख्याने कल्ल्यांतून अमोनिया टाकतात, एवढे लिहिणे पुरेसे नाही. दुपारी वनस्पतीप्लवकांच्या प्रकाशसंश्लेषणामुळे तळ्यातील पाण्याचा सामू चढतो, त्यामुळे अमोनियाचा विषारी अंश वाढतो, हे पुढचे पाऊल आहे. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते पण श्वसन चालूच राहते, म्हणून प्राणवायू पहाटेपूर्वी सर्वांत कमी असतो. एकाच तळ्यात अमोनियाचा धोका दुपारी आणि प्राणवायूचा धोका पहाटे असतो, हे ज्याला स्वतःच्या शब्दांत मांडता येते, त्याला वायुवीजन यंत्र केव्हा चालवायचे याचा निर्णयही घेता येतो. पुढे हाच विद्यार्थी मत्स्य अधिकारी किंवा सल्लागार झाला, की एखाद्या मत्स्यशेतकऱ्याचे वर्षभराचे पीक त्याच्या या निर्णयावर अवलंबून राहणार असते.

गोव्यातील अनेक विद्यार्थ्यांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून आणि पुढचे इंग्रजीतून झालेले असते. अध्यापन व परीक्षा इंग्रजीतून असल्या, तरी संकल्पना प्रथम मराठीतून पक्की करून घेण्याचा लाभ होतो. गिल म्हणजे कल्ला, एअर ब्लॅडर म्हणजे वाताशय, पिट्युटरी म्हणजे पीयूषिका, हॉर्मोन म्हणजे संप्रेरक, मेटॅबोलिझम म्हणजे चयापचय अशी दुहेरी शब्दसूची पहिल्या आठवड्यापासून वहीच्या शेवटी वाढवत न्यावी. सखोल वाचनासाठी होअर व रँडॉल यांनी १९६९ पासून संपादित केलेली ‘फिश फिजिऑलॉजी’ ही ग्रंथमाला प्रमाण मानली जाते. पदवीच्या विद्यार्थ्याने ती सलग वाचण्याची गरज नाही. श्वसन व परासरण-नियमन यांवरील प्रकरणे ग्रंथालयात बसून चाळली, तरी पाठ्यपुस्तकातील आकृत्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

प्रवेश घेतल्यावर पहिल्या पंधरवड्यात चार गोष्टी लेखी स्वरूपात हाती असाव्यात: विषयाचे श्रेयांक, अंतर्गत गुणांची विभागणी, उपस्थितीची किमान अट आणि अनुत्तीर्ण झाल्यास विषय पुन्हा केव्हा घेता येईल याचा नियम. प्रात्यक्षिकाची वही त्याच दिवशी, एककांसह पूर्ण करावी. प्रात्यक्षिकाचे १५ गुण दिसायला थोडे असले, तरी सत्रान्त लेखी परीक्षेत येणारी उदाहरणे बहुधा त्याच वहीतून येतात.